जुन्या संगणकाच्या नावावर खपवलेला बनावट ड्राइव्ह

बाहेरून जोडायच्या ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर छापलेली क्षमता खोटी असणे, ही फसवणूक नवी नाही. मात्र ज्यांच्याकडे अजून विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ चालते, त्यांच्या बाबतीत ती फार उशिरा उघडकीला येते. फायली कॉपी करताना जे जे बिघडते, त्या प्रत्येकाचे खापर संगणकाच्या वयावर फोडता येते आणि विकणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. आमच्या छापखान्याच्या बाबतीत हेच घडले. त्यात वर्षानुवर्षांच्या कामाच्या फायली गेल्या, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आमचा छापखाना सांगलीत आहे. सहकारी पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक ही आमची मुख्य कामे. अक्षरजुळणीच्या संगणकावर आजही विंडोज एक्सपी आहे, कारण २००१ साली आलेले पेजमेकर ७ हे पानजुळणीचे सॉफ्टवेअर आणि त्या काळचे मराठी फॉन्ट त्यावर निर्धोक चालतात. जुन्या कामांतील मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीत, नसल्यामुळे तो नव्या संगणकावर उघडला तर अक्षरांचा चुराडा होतो. स्कॅनिंगच्या संगणकावर विंडोज ७ आहे. एक्सपीसाठीचे अपडेट आणि मदत (सपोर्ट) मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये आणि विंडोज ७ साठीची जानेवारी २०२० मध्ये बंद केली, हे आम्हांला माहीत आहे. परंतु मुद्रणाच्या धंद्यात संगणक हौसेने जुना ठेवला जात नाही, त्यावरचे काम जुने असते म्हणून तो ठेवावा लागतो. कृष्णेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर सर्व कामाची एक प्रत गावाबाहेर ठेवायची, असे आम्ही ठरवले होते. साडेतीनशे जीबीच्या आसपास असलेला हा साठा त्यासाठीच एका ड्राइव्हवर घ्यायचा होता.

शहरातील संगणकाचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानातून आम्ही २ टीबीचा छोटा, धातूच्या कवचाचा ड्राइव्ह घेतला. नामांकित कंपन्यांच्या तेवढ्याच क्षमतेच्या हार्डडिस्कच्या तुलनेत त्याची किंमत तिसऱ्या हिश्शाच्या आसपास होती. "नवीन माल आहे, थेट आयात होतो, मधला दलाल नाही," असे कारण सांगण्यात आले. बिलावर कंपनीचे नाव नव्हते, फक्त 'एक्स्टर्नल ड्राइव्ह' असे शब्द आणि 'सात दिवस टेस्टिंग वॉरंटी' असा शिक्का होता. खोक्यावर वेगाचे मोठमोठे आकडे होते, पण आयातदाराचे नाव-पत्ता, उत्पादनाचा मूळ देश आणि ग्राहक तक्रारीसाठी क्रमांक यांपैकी काहीही नव्हते. वेष्टनबंद मालावर ही माहिती असणे वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे, त्यामुळे ती नसेल तर तेवढ्यावरूनच माल परत करण्यास हरकत नाही.

यानंतर जी मालिका सुरू झाली, ती नीट पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यात दुकानदाराने सांगितलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट खरी होती.

ड्राइव्ह एक्सपीच्या संगणकाला जोडला, तेव्हा 'डिस्क फॉरमॅट केलेली नाही, फॉरमॅट करायची का' असा प्रश्न आला. दुकानदार म्हणाला, "साहेब, ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये आहे, तुमचं एक्सपी ते ओळखत नाही." हे खरेच आहे. एक्सफॅट आणि फॅट३२ या ड्राइव्हवर फायली मांडण्याच्या पद्धती, म्हणजे फाइल सिस्टम, आहेत; एक्सपीला एक्सफॅट ओळखण्यासाठी वेगळा अपडेट टाकावा लागतो, विंडोज ७ मध्ये ती सोय मुळातच असते. त्याने ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून दिला. या जुन्या विंडोजची स्वतःची फॉरमॅटची सोय ३२ जीबीपेक्षा मोठा भाग फॅट३२ मध्ये करू देत नाही, पण त्यासाठी लागणारा वेगळा प्रोग्रॅम त्याच्याकडे होता. मग मोठ्या फायली जाईनात आणि 'फाइल या फाइल सिस्टमसाठी फार मोठी आहे' असा संदेश येऊ लागला. हेही खरे, कारण फॅट३२ मध्ये ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकही फाइल मावत नाही. पुढे कॉपीचा वेग सेकंदाला सहा-सात एमबीवर घसरला, तेव्हा "तुमचे पोर्ट यूएसबी २ चे आहेत" असे उत्तर मिळाले. यूएसबी २ हळू असते यात वाद नाही. पण धडधाकट ड्राइव्ह अशा पोर्टवरही सेकंदाला तीस एमबीच्या आसपास वेग देतो, हे त्याने सांगितले नाही. काही फायली खोल फोल्डरमध्ये असल्याने त्यांची फोल्डरसह पूर्ण नावे २६० अक्षरांच्या मर्यादेबाहेर गेली होती आणि त्या राहून जात होत्या. तोही दोष जुन्या विंडोजचाच ठरला आणि या एका बाबतीत तो तसा होताही.

अशा रीतीने प्रत्येक तक्रारीला एक खरे तांत्रिक उत्तर मिळत गेले आणि त्या खऱ्या उत्तरांच्या आड मुख्य खोटे दडून राहिले. शेवटी दुकानाचाच तंत्रज्ञ आमच्याकडे आला, रात्रभर कॉपी लावली, सकाळी कॉपीची प्रगती दाखवणारी पट्टी शेवटपर्यंत गेलेली होती आणि कोणतीही चूक दाखवली जात नव्हती. त्याने आमच्यासमोर शेवटी कॉपी झालेल्या तीन-चार फायली उघडून दाखवल्या, त्या उघडल्या. त्यानंतर "संगणक हळू चालतो, विंडोज नव्याने टाकायला हवे, बॅकअप तर झालेलाच आहे," असे सांगून त्याने स्कॅनिंगच्या संगणकाची पूर्ण हार्डडिस्क पुसली. विंडोज टाकण्यासाठी फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट करणे पुरेसे होते; साठा डी ड्राइव्हवर होता आणि त्याला हात लावण्याचे काहीही कारण नव्हते. या कामाचे वेगळे पैसे घेण्यात आले.

त्या सकाळी फायली उघडल्या कशा, हा प्रश्न अनेकांना पडेल. नुकत्याच कॉपी केलेल्या फायली विंडोज काही काळ संगणकाच्या स्वतःच्या मेमरीत धरून ठेवते. त्यामुळे ड्राइव्ह न काढता लगेच फाइल उघडली, तर ती ड्राइव्हवरून नव्हे, तर मेमरीतून दाखवली जाऊ शकते. ड्राइव्ह काढून, संगणक बंद करून पुन्हा जोडल्यावर फाइल उघडली, तरच ती खरोखर साठवली गेली आहे असे म्हणता येते.

सत्य उघड झाले, ते एका पतसंस्थेला गेल्या वर्षीचा अहवाल हवा होता तेव्हा. ड्राइव्हवर सर्व फोल्डर जागच्या जागी होते, नावे बरोबर, तारखा बरोबर, प्रत्येक फाइलचा आकारही बरोबर. पेजमेकरची फाइल मात्र उघडेना. दुसरी उघडेना, तिसरी उघडेना. एका दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाचे टिफ (चित्राच्या फाइलचा एक प्रकार) स्कॅन उघडले. त्यात वरची चार बोटे पट्टी स्वच्छ होती, चित्रातील स्त्रीचे कपाळ आणि कुंकू दिसत होते, आणि त्याखाली पानाच्या तळापर्यंत अखंड काळा रंग होता. ती फाइल नेमकी खऱ्या क्षमतेच्या सीमेवर लिहिली गेली असावी. तिच्यानंतर लिहिलेल्या ज्या ज्या फाइलची आतली मांडणी पाहिली, तिच्यात शून्याशिवाय काहीच नव्हते.

यामागची युक्ती अशी आहे. ड्राइव्हमध्ये साठवणुकीची चिप असते आणि तिच्या वतीने संगणकाशी बोलणारी दुसरी चिप असते, तिला कंट्रोलर म्हणतात. बनावट ड्राइव्हमध्ये कंट्रोलरला शिकवलेले असते की आपली क्षमता २ टीबी आहे असे सांगायचे. विंडोजकडे ते पडताळण्याचे साधन नाही. कंट्रोलर सांगतो ते विंडोज मानते आणि 'प्रॉपर्टीज'मध्ये तोच आकडा दाखवते. खरी जागा भरल्यानंतर पुढे येणारा डेटा कंट्रोलर एक तर फेकून देतो किंवा सुरुवातीपासून पुन्हा लिहू लागतो, म्हणजे आधी नीट बसलेल्या फायलीही पुसल्या जातात; आणि दोन्ही वेळा 'लिहिले' असेच उत्तर देतो. फायलींची नावे, तारखा आणि आकार यांची नोंद बऱ्याचदा ड्राइव्हच्या सुरुवातीच्या, म्हणजे खऱ्या भागात असते. पुस्तकाची अनुक्रमणिका पूर्ण छापावी आणि आत पहिला फर्माच, म्हणजे एका कागदावर एकत्र छापलेली पहिली काही पानेच, बांधून द्यावा, तसा हा प्रकार आहे.

पुढे आम्ही ड्राइव्हचे कवच उघडले. आत एका लहान पट्टीवर ६४ जीबीचे मेमरी कार्ड, तेच जे मोबाईलमध्ये घालतात, गरम गोंदाने चिकटवलेले होते आणि हातात वजन लागावे म्हणून लोखंडाचा एक तुकडा बसवला होता.

यानंतरची फसवणूक मला पहिलीहून अधिक वाईट वाटते. दुकानदाराने एका डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवले. त्याने ड्राइव्ह जोडून फायलींच्या नावांची लांबलचक यादी दाखवली, "सगळा डेटा दिसतोय, निघेल," असे म्हणून आगाऊ रक्कम घेतली आणि नंतर न उघडणाऱ्या त्याच फायली दुसऱ्या पेनड्राइव्हवर देऊन टाकल्या. खऱ्या क्षमतेपलीकडचा डेटा त्या ड्राइव्हवर कधी लिहिलाच गेला नव्हता. जे लिहिलेच नाही ते कोणत्याही प्रोग्रॅमने परत येत नाही. आशा असलीच तर ती मूळ हार्डडिस्कमध्ये असते, आणि तीही तिच्यावर नवे काही लिहिण्यापूर्वी. आमच्या डिस्कवर विंडोज आणि इतर प्रोग्रॅम पुन्हा चढलेले असल्याने मूळ साठ्यातील थोडाच भाग हाती लागला. नावांची यादी दाखवून कोणी पैसे मागत असेल, तर आधी दोन-तीन फायली पूर्ण उघडून दाखवण्यास सांगावे, हे मी आग्रहाने सांगतो.

जुन्या विंडोजच्या खऱ्या अडचणी आणि बनावट ड्राइव्ह यांत एक ठळक फरक आहे. खरी अडचण बहुतेक वेळा तोंडावर सांगितली जाते. फाइल मोठी आहे, नाव लांब आहे, डिस्क फॉरमॅट नाही, 'सायक्लिक रिडन्डन्सी चेक' म्हणजे मूळ डिस्कवरून नीट वाचता येत नाही, 'डिलेड राइट फेल्ड' म्हणजे लिहिणे अर्धवट राहिले. संदेश त्रासदायक असतात, पण त्यातून कारण कळते आणि कॉपी तिथेच थांबते. बनावट ड्राइव्ह मात्र निमूटपणे सर्व स्वीकारतो. संदेश एकही नाही आणि फायली मात्र उघडत नाहीत, असे झाले, तर मदरबोर्ड, पोर्ट, व्हायरस यांच्या मागे न लागता प्रथम ड्राइव्ह तपासावा.

तपासण्याचे साधन फुकट आहे आणि ते एक्सपीवरही चालते. एका जर्मन संगणक मासिकाने उपलब्ध केलेला एच२टेस्टडब्ल्यू नावाचा छोटा प्रोग्रॅम मोकळ्या ड्राइव्हवर एकेक जीबीच्या फायली लिहितो आणि त्या परत वाचून ताडून पाहतो. तो जर्मन भाषेत उघडतो, वर इंग्रजीचा पर्याय निवडावा. लिहून झाल्यावर ड्राइव्ह काढून पुन्हा जोडावा आणि मग पडताळणी लावावी. आमच्या ड्राइव्हवर 'डेटा लॉस्ट' असा निकाल आला आणि खरा साठा साठ जीबीच्याही आतला निघाला. सेकंदाला सात एमबी वेगाने २ टीबी लिहायला तीन दिवसांहून अधिक काळ लागतो, ते परत वाचून ताडायला आणखी वेळ जातो, आणि सात दिवसांची वॉरंटी त्यातच संपत येते. म्हणून निदान २०० जीबीपर्यंतची मर्यादा घालून पहिल्याच दिवशी चाचणी सुरू करावी. ज्यांच्याकडे एखादा नवा संगणक आहे, त्यांना व्हॅलिड्राइव्ह हा प्रोग्रॅम वापरता येईल. तो ड्राइव्हभर पसरलेल्या ५७६ ठिकाणी लिहून-वाचून काही मिनिटांत निकाल देतो. महत्त्वाच्या फायलींसाठी विंडोज ७ मध्ये 'सर्टयूटिल' या आज्ञेने मूळ आणि प्रत यांचे हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेले ओळखीचे आकडे, काढून जुळवता येतात. आणखी एक लहानशी खूण अशी की, खऱ्या २ टीबीच्या ड्राइव्हची क्षमता विंडोजमध्ये १.८१ टीबी दिसते, आमचा १.९५ दाखवत होता. अर्थात बनवणारा तोही आकडा जुळवू शकतो, त्यामुळे केवळ त्यावर विसंबू नये.

तक्रारीबाबत एवढे सांगतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आम्ही नोंद केली, त्यानंतर दुकानदाराने ड्राइव्ह बदलून देण्याची तयारी दाखवली. ती आम्ही नाकारली. बदलून मिळणारा ड्राइव्ह त्याच खोक्यातला असणार होता आणि आमच्याकडचा पुरावा त्याच्या हातात गेला असता. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. बिल, खोके, चाचणीच्या निकालाचे छायाचित्र, तंत्रज्ञाला दिलेल्या पैशांची नोंद आणि तो ड्राइव्ह, उघडलेल्या कवचासह, असे सर्व आम्ही जपून ठेवले आहे. ज्यांनी अशी वस्तू ऑनलाइन घेतली असेल, त्यांनी त्या संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी; २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण करण्याची जबाबदारी त्यांच्यावर आहे. कवच उघडण्यापूर्वी मात्र चाचणीचा निकाल आणि बंद ड्राइव्हचे छायाचित्र घेऊन ठेवावे, नाहीतर "तुम्हीच आतले बदलले" असे म्हणण्यास विकणाऱ्याला वाव मिळतो.