टीलची शिकार: दबा धरून की काठाने फिरून?

'द हंटर: कॉल ऑफ द वाइल्ड' या शिकारीच्या व्हिडिओ गेममधला फिनलंडचा रेवोन्तुली कोस्ट हा नकाशा, म्हणजे शिकारीचा परिसर, २०२२ मध्ये आला आणि त्यात युरेशियन टील मिळाला. हे बदक जेमतेम ३५ सेंटीमीटर लांब. खऱ्या टीलचं वजनही साधारण तीनशे-साडेतीनशे ग्रॅमच असतं. म्हणजे नेम धरायचा तो मुठीएवढ्या ठिपक्यावर.

काठाने फिरून शिकार करायची तर सामान लागत नाही: शॉटगन, बारीक छऱ्यांची काडतुसं, बस्स. वाकून, लव्हाळ्याच्या आडून सरकायचं. पण एक पाऊल जोरात पडलं की अख्खा थवा भुर्रकन उडतो. टील पाण्यावर धावत नाही, सरळ वर झेपावतो. मग घाईत झाडलेली गोळी त्याच्या पायाखालून जाते.

दबा धरून बसायला तयारी लागते. नकली बदकं पाण्यात सोडा, आडोशाला बसा, शीळ वाजवा आणि वाट बघा. कधी कधी बराच वेळ काहीच येत नाही. पण थवा पंख आवरून खाली उतरू लागतो, नराच्या डोक्यावरचा हिरवा पट्टा उन्हात चमकतो, तो क्षण मला फार आवडतो! पक्षी समोरून, जवळून येतो, म्हणून नेमही बसतो.

मी दबाच धरेन. फिरणं फक्त नकाशा ओळखीचा होईपर्यंत.

हेच टील हिवाळ्यात आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात येतात. तिथे मात्र फक्त दुर्बीण न्यायची.