घोडबंदर रस्त्यावरची रोपवाटिका: कलमे चोख, पाट्या भरवशाच्या नाहीत

थंडीच्या तोंडावर गुलाब घ्यायचा म्हटले, की ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या रोपवाटिकांचीच आठवण होते. मानपाड्याच्या पुढे असलेल्या अशाच एका रोपवाटिकेतून मी काही हिवाळे गुलाबाची कलमे नेत आलो आहे. तेथील रोपे उत्तम असतात, त्यांवरच्या जातींच्या नावांच्या पाट्यांवर मात्र विसंबून राहता येत नाही, असे माझे मत झाले आहे.

बहुतेक कलमे पुण्याजवळच्या उरुळी कांचन-सोरतापवाडी पट्ट्यातून येतात, असे मालक सांगतात. खुंटावर, म्हणजे खालच्या जंगली रोपावर, डोळा भरलेली जागा (सांधा) नीट जुळलेली आणि मातीच्या वर स्पष्ट दिसणारी असते, आणि १५० ते २५० रुपयांत याहून अधिक अपेक्षा ठेवणे अन्यायाचे ठरेल. ग्राहक मात्र उमललेले फूल पाहूनच पिशवी उचलतात. ते फूल चार दिवसांत झडते आणि हाती एखादी किडकिडीत काडी उरते. खरे तर फुलाकडे पाठ फिरवून सांध्याच्या वर पाहावे: तेथून निदान तीन जाड, हिरव्या फांद्या वेगवेगळ्या दिशांना गेलेल्या असाव्यात, शेंडे काळवंडलेले नसावेत आणि सांध्याच्या खालून एकही फूट निघालेली नसावी, कारण ती फूट जंगली खुंटाची असते आणि वेळीच मुळापासून काढली नाही, तर वर्षभरात सगळे रोप तीच गिळून टाकते. अशा फुटीच्या पानाला सात पर्णिका (पानाचे छोटे भाग) असतात, हा प्रचलित ठोकताळा नेहमी खरा ठरत नाही. फूट कोठून निघाली, एवढेच पाहणे अधिक भरवशाचे. येथील कामगार पिशव्या फिरवून पाहणाऱ्यावर वैतागत नाहीत, उलट मागच्या रांगेतल्या पिशव्याही काढून देतात, आणि या रोपवाटिकेला मी पुन्हापुन्हा जातो त्याचे पहिले कारण हेच आहे.

पाट्यांची गोष्ट निराळी. लाल दिसला की ‘ग्लॅडिएटर’ आणि दुरंगी दिसला की ‘डबल डिलाइट’, अशी येथील सोपी वर्गवारी आहे. १९७७ साली बाजारात आलेल्या खऱ्या डबल डिलाइटची पाकळी दुधाळ असते, ऊन मिळेल तशी तिच्या कडेवरची लाली पसरत जाते आणि त्याचा सुगंध लपून राहत नाही. वासच नसलेले दुरंगी फूल त्या नावाने घेऊ नये. पांढऱ्या गुच्छांचा ‘आइसबर्ग’ मात्र मला येथे खरा मिळाला. जर्मनीच्या कॉर्डेस घराण्याने १९५८ मध्ये आणलेला हा फ्लोरिबंडा (गुच्छांनी फुलणारा गुलाब) गॅलरीतल्या कुंडीत एकामागून एक गुच्छ देत राहतो, आणि पहिल्यांदाच गुलाब लावणाऱ्याला मी तोच सुचवेन. ‘डच गुलाब’ म्हणून लांब दांड्याची जी रोपे दाखवली जातात, ती हरितगृहातल्या फुलशेतीसाठीच्या जातींची असतात. उघड्या गॅलरीत त्यांची फुले लहान येतात, म्हणून ती टाळावीत.

गॅलरीची दिशा कोणती, हा प्रश्न येथे कोणी विचारत नाही, आणि तो विचारायलाच हवा. ठाणे सुमारे १९ उत्तर अक्षांशावर असल्याने जूनमध्ये दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला जातो, तर डिसेंबरमध्ये तो दक्षिणेकडे इतका कलतो, की माध्यान्हीही क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर असतो. त्यामुळे पावसाळ्यात अंधारी वाटणाऱ्या दक्षिणेच्या गॅलरीत, समोर टोलेजंग इमारत नसेल तर, नेमके थंडीत गुलाबाला हवे असलेले पाच-सहा तासांचे ऊन येते. उत्तरेच्या गॅलरीसाठी गुलाब विकत घेऊच नये, मालक कितीही आग्रह करोत.

छाटणीसाठी रोपवाटिका घरी माळी पाठवते आणि ही सेवा मला रोपांइतकीच मोलाची वाटली. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडे वर तिरका काप घेऊन त्यावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावण्याचे काम तो न सांगता करतो, त्यामुळे शेंडेमर, म्हणजे फांदी शेंड्याकडून वाळत जाणे, बरीच आटोक्यात राहते. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यावर ही छाटणी झाली, तर सहा-सात आठवड्यांत, म्हणजे नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या आरंभी, पहिला बहर येतो. रात्री गारवा असल्याने याच काळात फुले मोठी, भरगच्च आणि गडद रंगाची येतात. मात्र हाच माळी ऑगस्टमध्ये बोलावले तरी कात्री घेऊन हजर होतो. योग्य महिना ठरवण्याची जबाबदारी ग्राहकानेच घ्यावी.

कुंडी भरून देण्याची सेवा मी घेणार नाही. त्यांच्या मिश्रणात लाल माती फार असते, ती दोन महिन्यांत घट्ट बसते आणि पाणी वरच साचते. शेणखत, निंबोळी पेंड आणि थोडी भरड वाळू वेगळी घेऊन घरी मिसळावी. सांधा मातीत पुरू नये. कडाक्याच्या थंडीच्या देशांत तो पुरतात, आपल्या दमट हवेत तो मातीच्या दोन-तीन इंच वर राहिलेला बरा. ‘गुलाब स्पेशल’ नावाच्या खताच्या पुडीवर घटकच छापलेले नसल्याने तिच्याविषयी न बोललेलेच बरे.

नवा माल साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून येऊ लागतो आणि रविवारी दुपारपर्यंत चांगली कलमे संपलेली असतात, तेव्हा आठवड्यातल्या एखाद्या सकाळी जावे. नवी मुंबईपर्यंत रोपे पोहोचवण्याचे वेगळे पैसे पडतात. टेम्पोत पिशव्या आडव्या रचल्या जातात, त्या उभ्या ठेवण्याविषयी पैसे देण्यापूर्वीच बजावून ठेवावे.