बारा शनिवार, एक गोल

आई गेल्यावर माझं बोलणं जवळजवळ थांबलं होतं. समुपदेशक ताईंनी सुचवलं म्हणून या सामूहिक नृत्यवर्गाला गेले. दर शनिवारी दीड तास, असे बारा शनिवार.

इथे स्टेप्स शिकवत नाहीत आणि हॉलमधले आरसे पडद्याने झाकलेले असतात, हे मला फार आवडलं. गोल करून उभं राहायचं. एकाने हालचाल करायची, बाकीच्यांनी ती आपापल्या अंगाने परत द्यायची. पहिल्या दिवशी माझी पाळी आली तेव्हा मी फक्त उजवा खांदा वर केला. समोरच्या वीस जणांनी तोच खांदा तितक्याच हळू उचलला. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी माझं ऐकलं, असं वाटलं. डोळे भरून आले, पण कुणी ‘काय झालं?’ विचारलं नाही. गोल चालूच राहिला.

गोलात असं एकमेकांची हालचाल टिपणं नृत्योपचारात जुनं आहे. अमेरिकन नर्तिका मेरियन चेस १९४२ पासून वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात मनोरुग्णांसोबत नाचातून काम करत होत्या. पण आमचा वर्ग म्हणजे उपचार नव्हे. गोळ्या, समुपदेशन सोडू नका, हे आमच्या बाई पहिल्याच दिवशी बजावतात. त्यांचा हा प्रामाणिकपणा मला महत्त्वाचा वाटतो.

तक्रार एकच. बसून नाचणाऱ्यांसाठी खुर्च्या दोनच आहेत, आणि गुडघे दुखणारे आम्ही पाच जण. संगीताचा आवाजही मोठा होता, तो सांगितल्यावर लगेच कमी केला. खुर्च्या मात्र अजून दोनच.

पुढच्या बारा शनिवारांसाठी नाव नोंदवलंय. या वेळी धाकट्या बहिणीचंही.