घरी येणारी डॉग ट्रेनर: पैसे कशाला द्यावे, कशाला नाही (पुणे)

आधीच सांगून टाकते, बसायला, हात द्यायला नि शी-शू बाहेर करायला शिकवण्यासाठी ट्रेनरला पैसे देऊ नका. ते सगळं घरी होतं. आमची चिंगी इंडी, म्हणजे आपलं देशी कुत्रं आहे, "बस" ती जेवणाच्या वेळीच शिकली. खाऊ नाकासमोर धरून हळूच डोक्याच्या मागे न्यायचा, नाक वर जातं आणि बूड आपोआप खाली टेकतं, टेकलं रे टेकलं की लगेच खाऊ द्यायचा, झालं. शी-शूचं पण तसंच, झोपून उठली की बाहेर, खाल्लं की बाहेर, खेळून झालं की बाहेर, आणि घरात केलीच तर न ओरडता पुसून टाकायचं, पण वास पूर्ण गेला पाहिजे नाहीतर परत तिथंच. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरला तर अजून सोपं जातं. आमच्याकडं सासूबाई "बैस गं बाई" म्हणतात आणि तिला तेही कळतं, तो भाग वेगळा.

ट्रेनर बोलवायची वेळ आली ती भुंकण्यामुळं. पट्ट्यावर असताना दुसरं कुत्रं दिसलं की ही मागच्या पायांवर उभी राहून नुसता कल्ला करायची, मग डिलिव्हरीवाल्यांवरही सुरू झालं, लिफ्टनं न्यायची चोरी झाली आणि सोसायटीच्या ग्रुपवर "पेट ओनर्सनी नोंद घ्यावी" छाप मेसेज यायला लागले. यूट्यूब भरपूर पाहिलं. व्हिडिओ चांगले असतात, नाही असं नाही, पण बहुतेक बाहेरच्या देशातले, मोकळी लॉन, लांबवर एक शहाणा लॅब्रेडॉर उभा, आणि ते सांगणार की अंतर ठेवा. कोथरूडच्या गल्लीत अंतर आणायचं कुठनं? दर कोपऱ्यावर तिथली मंडळी बसलेली, त्यांना ना पट्टा ना मालक, आपण लांब थांबलो तरी तीच उठून चौकशीला येतात.

पहिल्यांदा ज्याला फोन केला तो म्हणाला कुत्रं महिनाभर आमच्याकडं सोडा, तयार करून देतो, आणि चोक चेन (ओढली की गळ्याला आवळणारी साखळी) घेऊन ठेवा, तुम्ही अल्फा, म्हणजे कळपाचे म्होरके, झाल्याशिवाय ती ऐकणार नाही. कुत्रं न बघताच हं! ही अल्फाची थिअरी बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणावरनं आलेली, आणि ती लोकांपर्यंत पोचवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं, तिथं गादीसाठी मारामाऱ्या चालत नाहीत. पण आपल्याकडं ट्रेनर व्हायला लायसन लागत नाही त्यामुळं कोणी काहीही सांगतं. आणि समजा तिकडं सोडली आणि शिकलीही, तरी ती त्याच्यासोबत त्याच्या जागेवर शिकणार ना, आमच्या लिफ्टमध्ये आमच्यासोबत काय करायचं ते शिल्लकच.

मग ओळखीतनं ह्या ताई मिळाल्या, घरी येतात, सेशनला हजार-बाराशे घेतात. त्यांचा फोनवरचा पहिला प्रश्न होता, व्हेटला दाखवलंय का. दाखवलं तर कानात इन्फेक्शन निघालं. दुखणाऱ्या कुत्र्याचा संयम कमीच असतो, म्हणून आधी औषध पूर्ण करा मग येते म्हणाल्या, इथंच मला त्या आवडल्या.

पहिल्या सेशनला त्यांनी चिंगीला हातसुद्धा लावला नाही. आम्हाला पट्टा धरून चालायला लावलं आणि मागनं बघत राहिल्या. भुंकायच्या आधी चिंगी तोंड मिटते, कान पुढं, शेपूट ताठ आणि क्षणभर एकदम स्तब्ध होते, ते त्यांनी दाखवलं. त्याच क्षणी नवरा पट्टा आवळतो, तेही दाखवलं (त्याला अजून मान्य नाही). सगळं काम त्या क्षणात करायचं. कुत्रं दिसलं की उकडलेलं चिकन, ह्याच क्रमानं. चिकन आधी काढलं तर तिला कळतं की चिकन निघालं म्हणजे संकट येतंय, सगळंच उलटं व्हायचं. पावलॉवच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगातही आधी आवाज व्हायचा, खाणं मागनंच यायचं. आणि एकदा भुंकणं सुरू झालं की शिकवायला जाऊ नका, तेव्हा ती चिकनकडं बघतही नाही, गप वळून लांब जायचं.

व्हिडिओत नसलेल्या गोष्टी मात्र खऱ्या पैसे वसूल. पार्किंगमधल्या गाड्यांच्या आड उभं राहायचं म्हणजे अंतर कमी असलं तरी नजरानजर होत नाही. जमिनीवर बारीक तुकडे पसरायचे, ती हुंगत बसते आणि डोकं खाली राहतं. वॉचमन काकांना सांगून गेटवरच्या कुत्र्यांची जेवायची वेळ काय ते विचारून घेतलं, तेव्हा आम्ही तिथनं जातच नाही. बेलसाठी आमच्याच बेलचं रेकॉर्डिंग मोबाईलवर अगदी बारीक आवाजात लावायचं, खाऊ द्यायचा, मग हळूहळू आवाज वाढवायचा. हे सगळ्यात लवकर जमलं, आता बेल वाजली की ती तिच्या चटईवर जाऊन बसते आणि आमच्याकडं बघते, दे म्हणून.

पूर्ण सुधारली का, तर नाही. रस्त्यापलीकडचं कुत्रं चालतं, अंगावर येणारं अजूनही चालत नाही, आणि ताईंनी ते आधीच सांगितलं होतं. गॅरंटी देणाऱ्यापेक्षा हे बरं.

आता तक्रारी. वेळ अजिबात पाळत नाहीत, "निघालेय" म्हणजे अजून घरीच. लिहून काही देत नाहीत, सगळं तोंडी, मीच वहीत उतरवून ठेवलं. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला तर उत्तर येईस्तोवर आपण तो पाठवल्याचं विसरलेलो असतो. पैसे पॅकेजचे, तेही आगाऊ.

माझ्याकडनं पाचात चार. पिल्लू असेल, नुसतं खोडकर असेल तर राहू द्या, घरीच करा. भीती, गुरगुरणं, असं काही असेल तर बोलवा, आणि कुत्रं कुणाला चावलं असेल तर कुत्र्याला आधी व्हेटकडंच न्या. कोणालाही फोन करताना एकच विचारायचं, कुत्र्यानं नाही ऐकलं तर तुम्ही काय करता? उत्तरात झटका, चेन, दाबून धरणं आलं की फोन ठेवा. ह्या ताईंना बोलवणार असाल तर पॅकेजच्या आधी एक सुटं सेशन मागा, देतात, फक्त स्वतःहून सांगत नाहीत.