विंडोज काढून लिनक्सवर गेम खेळतोय त्याला आठ महिने झाले – देवगडातून अनुभव

मागच्या जूनमध्ये, म्हणजे आंब्याच्या शेवटच्या पेट्या गेल्या आणि पाऊस लागला त्याच आठवड्यात, मी पीसीवरचं विंडोज १० उडवलं आणि त्याच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. आता फेब्रुवारी चालू आहे. मधल्या काळात तीन-चार जणांनी विचारलं की गेम खरंच चालतात का रे, तर प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. लांबणार आहे, कंटाळा आला तर सोडून द्या.

कारण साधं होतं, तत्त्वबित्त्व काही नाही. माझा पीसी आय५ सातव्या जनरेशनचा, १६ जीबी रॅम, आणि सेकंडहँड घेतलेलं आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबीवालं. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे आधीच जाहीर झालेलं. धडधाकट पीसी नुसता त्यासाठी बदलायचा तर चाळीसेक हजार, आणि त्या वर्षी पैसे फवारणीतच गेले होते. मग पेनड्राइव्ह घेतला आणि बसलो. आई मागे येऊन स्क्रीनकडे बघून म्हणाली, "आता ह्या काय नवीन काढलंस?" आणि निघून गेली.

कार्ड एएमडीचं असल्याने ड्रायव्हर शोधायची भानगडच नव्हती, तो लिनक्समध्ये आधीपासूनच असतो. इंस्टॉल झालं, रीस्टार्ट केलं, स्टीम (गेम विकत घ्यायचं आणि चालवायचं ॲप) टाकलं, झालं. एनव्हिडियावाल्यांना ड्रायव्हर मॅनेजरमधून वेगळा टाकावा लागतो, तेवढा एक जादा टप्पा धरून चाला.

विंडोजचे गेम चालतात कसे, तर स्टीममध्ये प्रोटॉन म्हणून एक गोष्ट आहे, स्टीमवाल्या व्हॉल्व कंपनीने २०१८ च्या ऑगस्टमध्ये आणली, वाईनवर उभी आहे, आणि वाईन, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर, तर १९९३ पासून चालू आहे. गेम ग्राफिक्ससाठी विंडोजच्या डायरेक्टएक्सच्या भाषेत काहीतरी मागतो, ते मधल्या मधे लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनच्या भाषेत बदलून कार्डाकडे जातं. वाशीतल्या दलालासारखं समजा, तुमचा माल तिकडे त्यांच्या भाषेत विकून देतो, फक्त हा कमिशन फारसं घेत नाही. स्टीम डेक हे व्हॉल्वचं हातात धरून खेळायचं यंत्र निघालं २०२२ मध्ये, तेही आतून लिनक्सच, त्यामुळे व्हॉल्वला हे सगळं नीट चालवणं भागच पडलं आणि त्याचा फायदा आपल्यासारख्या जुन्या पीसीवाल्यांना आयता मिळाला.

पहिला दणका मात्र मी स्वतःच ओढवून घेतला. जुन्या डी ड्राइव्हवर दोनशे जीबीचे गेम होते, म्हटलं परत कोण डाउनलोड करणार, इथलं नेट पावसात कधी असतं कधी नसतं, तेव्हा स्टीमला सांगितलं की बाबा गेम ह्याच ड्राइव्हवर आहेत. प्ले दाबलं की बटण हिरव्याचं निळं व्हायचं, दोन सेकंद थांबायचं आणि परत हिरवं. एरर नाही, काही नाही. दोन रात्री गेल्या त्यात. तो ड्राइव्ह विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटचा होता, आणि प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी जे खोटं सी ड्राइव्ह बनवतो त्यात अशी नावं आणि लिंका असतात की एनटीएफएसवर त्याचा गोंधळ होतो. शेवटी दुसरी हार्ड डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी४ फॉरमॅटची केली, गेम तिकडे कॉपी केले आणि स्टीममधून फाइल्स व्हेरिफाय केल्या, तेव्हा जेमतेम काही एमबी डाउनलोड झालं. हे एक वाक्य मला कुणी आधी सांगितलं असतं तर दोन रात्रींची झोप वाचली असती, म्हणून तुम्हाला सांगतोय, गेम एनटीएफएसवर ठेवू नका.

त्यानंतर जे सुरू झालं ते मात्र छानच. विचर ३ चालू करताना डीएक्स११ का डीएक्स१२ (डायरेक्टएक्सची कुठली आवृत्ती) असं विचारतो, माझ्या कार्डावर ११ घ्यायचं, १२ वर अडखळतो. फुल एचडीला हाय सेटिंगवर पन्नास-साठ एफपीएस (सेकंदाला तेवढी चित्रं), विंडोजवर पण एवढेच मिळत होते. पहिल्यांदा चालू करताना "व्हल्कन शेडर्स प्रोसेस करत आहे" असं येतं आणि टक्के सरकत राहतात, मी तेवढ्यात चहा करून येतो. स्किप पण करता येतं, पण मग नवीन जागी गेलं की गेम मधेच गचके खातो. स्टारड्यू व्हॅली आणि हॉलो नाइट तर लिनक्सचेच येतात, प्रोटॉनची गरजच नाही. जीटीए ५ ची स्टोरी व्यवस्थित. एल्डन रिंग पुतण्याच्या अकाउंटवर चालवून बघितला, चालला, मीच नाही चाललो, पहिल्या घोडेस्वाराने अकरा वेळा मारलं. एपिक ह्या दुसऱ्या गेमच्या दुकानात गुरुवारी जे फुकट गेम मिळतात त्यांच्यासाठी हिरोइक लाँचर टाकलाय. पीएस४ चा कंट्रोलर केबलने लावला आणि लगेच चालला.

गेम घेण्याआधी प्रोटॉनडीबी ह्या साइटवर नाव टाकून बघायची सवय लावून घ्या. तिथे लोकांनी स्वतः चालवून प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर असे शेरे दिलेले असतात. नुसता शेरा बघू नका, खालचे अलीकडचे रिपोर्ट वाचा, कुणीतरी तुमच्याच कार्डावर रडलेलं असतं आणि त्याच्याच खाली दुसऱ्याने उपाय लिहिलेला असतो.

आता खरं दुखणं. गणपतीला दादा-वहिनी आणि पुतण्या मुंबईहून आले. आरती झाली, मोदक झाले, आणि कार्टं माझ्या खुर्चीत बसून म्हणतं, "काका, व्हॅलोरंट कुठंय?" नाही म्हटलं. "मग एफसी, फुटबॉलचा?" नाही. "पबजी तरी?" तेही नाही. त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं मी घरातला टीव्हीच विकून टाकलाय. त्याला समजावत बसलो की बाबा ह्या गेमांचा अँटिचीट, म्हणजे चीटिंग पकडणारा प्रोग्राम, विंडोजच्या अगदी आत, कर्नलपर्यंत म्हणजे गाभ्यापर्यंत जाऊन बसतो, ती जागाच इकडे नाही तर प्रोटॉन ती आणणार कुठून. काही अँटिचीट, म्हणजे ईझी अँटिचीट आणि बॅटलआय, लिनक्सवर चालू शकतात, पण गेम बनवणाऱ्याने तशी परवानगी द्यावी लागते. एल्डन रिंगवाल्यांनी दिली, बऱ्याच जणांनी नाही दिली. जीटीए ऑनलाइन आधी चालायचं, सप्टेंबर २०२४ मध्ये त्यात बॅटलआय आलं आणि इकडे बंद. एपेक्स लेजेंड्स ह्या गेमचं पण त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर तसंच. म्हणजे आज चालतो तो उद्या चालेलच असं नाही, आणि त्यावर तुम्ही काही करू शकत नाही, ना टर्मिनल उघडून ना नवस बोलून.

पुतण्याचं सोडा, तो चार दिवसांनी गेला. माझी स्वतःची रात्रीची टोळी होती, एक कणकवलीचा, दोन मुंबईत, एक पुण्याला, शाळेपासूनचे. दहा वाजता सगळे व्हॅलोरंटवर, शिव्या देत, कोणाचं लग्न कुठे ठरलं तेही त्यातच कळायचं. मी लिनक्सवर आलो आणि त्यातून बाहेर पडलो. दोघांना काउंटर स्ट्राइक २ वर ओढून आणलं, तो लिनक्सवर थेट चालतो आणि मुंबईचा सर्व्हर मिळतो म्हणून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) पण बरा, पण बाकी दोघे काही हलले नाहीत आणि त्यांनी का हलावं. कणकवलीवाल्याचा साखरपुडा मला स्टेटसवरून कळला. गेम चालतात का ह्या प्रश्नाला माझं उत्तर "बहुतेक सगळे" असं आहे, पण तुम्ही कोणाबरोबर खेळता ते आधी बघा. एकटे खेळत असाल तर बिनधास्त या.

बाकी किरकोळ. जुलैत अपडेट चालू असताना लाईट गेली, इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी, तिने तीन मिनिटांत मान टाकली. परत चालू केल्यावर काळा स्क्रीन. पेनड्राइव्हवरून मिंट चालू करून टाइमशिफ्ट ह्या बॅकअपच्या प्रोग्रामने आदल्या दिवशीचा स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टीमची साठवलेली प्रत, परत आणला, अर्धा तास गेला, गेम आणि सेव्ह दुसऱ्या डिस्कवर आणि होम फोल्डरमध्ये असल्याने जिथल्या तिथे. टाइमशिफ्ट पहिल्याच दिवशी लावा, विसरू नका. आणि एकदा मराठीत बिलं टाइप करून कीबोर्ड बदलायचा राहिला, तसाच काउंटर स्ट्राइकमध्ये घाईघाईने "रश बी" (सगळे बी जागेवर धावा) लिहायला गेलो तर चॅटमध्ये नुसत्या मात्रा आणि वेलांट्या, समोरचा पोरगा विचारतो हा कुठला कोड. खाऱ्या हवेने कॅबिनेटच्या स्क्रूला गंज चढतोच, त्याला कुठलीच ऑपरेटिंग सिस्टीम काही करू शकत नाही.

डाटा वाचवायची एक गोष्ट राहिली. स्टीममध्ये एकाच राउटरवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून गेम ओढून घेता येतो. दादाच्या विंडोज लॅपटॉपवर विचर होता, मी माझा त्याच्यावरूनच घेतला, संध्याकाळच्या आरतीला लावून ठेवला आणि जेवणं उरकेपर्यंत आला. पन्नास जीबी इथल्या नेटवर ओढायचे तर विसर्जन झालं असतं.

सध्या विचरमध्ये स्केलिगला पोचलोय, सगळी बेटं आणि होड्या. परवा शेजारचे रापणीवाले मच्छीमार काका बसले होते बघत, मी होडी खडकावर घातली तर म्हणाले, "अरे मेल्या, वारो खयसून येता ता तरी बघ." पण आता मोहोर टिकलाय, फवारणी चालू झाली, पुढच्या महिन्यात पेट्या भरायला लागतील आणि पीसीवर फक्त बिलं चालतील. होडी तशीच आहे खडकावर, जूनमध्ये काढतो.