डाएटचा डबा लावायचाय? हा लावा

कोथरूडला आमच्या गल्लीतल्या एक काकू वजन कमी करणाऱ्यांसाठी वेगळा डबा देतात, तोच लावलाय आणि मनापासून सांगते, मस्त आहे. क्विनोआ बिनोआ काही नाही, दोन ज्वारीच्या भाकऱ्या, मुगाची नाहीतर मटकीची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर आणि ताक, बस. उसळ घट्ट असते हे सगळ्यात भारी, कारण बऱ्याच डब्यांत नुसता रस्साच येतो मग प्रोटीन कुठून मिळणार, आणि तेल खरंच मोजून घालतात, एका मोठ्या चमचाभर तेलात जवळपास 120 कॅलरी असतात त्यामुळे सगळा खेळ तिथेच आहे, भाकरीत नाही.

सकाळी मी पर्वतीच्या पायऱ्यांवर इंटरव्हल करते, म्हणजे जोरात वर, सावकाश खाली, परत वर. गुडघे कुरकुरत असतील तर सायकलवर ताबाता करा, 20 सेकंद जीव तोडून, 10 सेकंद आराम, असं 8 वेळा, 4 मिनिटांत घाम निघतो, पण आधी वॉर्मअप हवाच हं. यानंतर दुपारी जी कडकडून भूक लागते ना तेव्हाच डाएट मोडतं, आणि नेमका तेव्हाच डबा दारात असतो म्हणून वडापावकडे पाय वळत नाहीत.

शनिवारची पनीर भुर्जी मात्र कमी पडते, त्या दिवशी दोन उकडलेली अंडी जोडीला घ्या, साधारण 12 ग्रॅम प्रोटीन मिळतं. रविवारी बंद. मीठ, तिखट कमी हवं असेल तर आदल्या रात्री मेसेज टाका, करून देतात.