फुल सस्पेन्शन सायकल मागवली आणि आता मन खातंय: ठेवावी, बदलावी की परत करावी?

ऑर्डर दिली, पैसे गेले, आणि रात्री पुढं-मागं दोन्हीकडे शॉकअप असलेली तीच सायकल फोनवर पुन्हा उघडून बघताना वाटतंय की एवढ्या सायकलची आपल्याला खरंच गरज होती का. महागड्या खरेदीनंतर ही चुटपुट बहुतेकांना लागते. पण तिचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखायला हवेत. एक चुटपुट पैशांची: एवढे कसे घातले, घरी काय सांगायचं, पुढच्या महिन्यात सेल लागला तर. सायकल चालवायला लागलं की ही हळूहळू विरते. दुसरी न जुळण्याची: सायकल तुमच्या रस्त्याला शोभत नाही, किंवा तुमच्या अंगाला बसत नाही. ही प्रत्येक राइडला वाढत जाते. पहिलीपायी चांगली सायकल परत करू नका आणि दुसरी असेल तर परत करायला लाजू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

एक प्रकरण आधीच निकालात काढतो. पंधरा-वीस हजारांची ‘डबल शॉकर’ मागवली असेल, तर परत करा. त्यातल्या बहुतेकींच्या मागच्या शॉकअपमध्ये नुसती स्प्रिंग असते, तिची उसळी आवरणारं तेलाचं डॅम्पिंग नसतं. खड्ड्यातून गेलं की सायकल दबते आणि तितक्याच जोरानं वर उडते. वर लोखंडी फ्रेमचं वजन. त्याच पैशांत साधी, हलकी, मागं शॉकअप नसलेली सायकल सगळ्या बाबतींत सरस ठरते.

खरी तुलना त्यापुढच्या किमतीत सुरू होते: नीट हवेचा शॉक (शॉकअप) आणि मागचं चाक वरखाली होऊ देणारे पिव्हटचे सांधे असलेली फुल सस्पेन्शन एकीकडे, आणि तेवढ्याच पैशांची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढं शॉकअप असलेली सायकल, दुसरीकडे.

निर्णय रस्त्यावर ठरतो. स्वप्नातल्या नव्हे, मंगळवारी सकाळी साडेसहाला तुम्ही जिथे असता त्या रस्त्यावर. पुण्यात वेताळ टेकडीच्या किंवा ठाण्यात येऊरच्या बाजूला राहत असाल आणि दगडगोट्यांची उतरण रोजची असेल, तर फुल सस्पेन्शनचा पैसा वसूल होतो. सह्याद्रीतली पायवाट म्हणजे सुटे बेसॉल्टचे दगड, कोकणात उतरलात तर जांभ्याचा खडबडीत कातळ. तिथे हार्डटेलचं मागचं चाक दगडावर आपटून उडतं आणि तो दणका थेट पाठीला बसतो. फुल सस्पेन्शनचं चाक जमीन सोडत नाही, म्हणून ब्रेक नीट लागतो आणि दोन तासांनी हात, कंबर शाबूत राहते.

चढाबद्दल मात्र एक गैरसमज घट्ट बसलाय, की फुल सस्पेन्शन चढाला निरुपयोगी. गुळगुळीत डांबरी चढावर ती मागं पडते हे खरं: वजन जास्त, आणि पॅडल मारताना सायकल खालीवर डुलते. शॉकचं लॉकआउट, म्हणजे त्याला घट्ट करणारी कळ, लावलं की डुलणं बरंचसं थांबतं. सुट्या दगडांच्या चढावर मात्र उलट होतं, कारण जमिनीला चिकटून राहणारं चाक घसरत नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये यारोस्लाव्ह कुल्हावीनं क्रॉस-कंट्रीचं, म्हणजे खडबडीत वाटेवरच्या माउंटन बाइक शर्यतीचं, सुवर्ण फुल सस्पेन्शनवर जिंकलं. त्या शर्यतीत हार्डटेलवर दुसरा आलेला निनो शुर्टर २०१६ मध्ये रिओला फुल सस्पेन्शनवरच पहिला आला.

उलट तुमची राइड म्हणजे ऑफिसला जाणं-येणं, रविवारी सिंहगडाचा डांबरी घाट आणि वर्षातून दोनदा ताम्हिणी, असं असेल तर स्वतःशी प्रामाणिक राहा. तिथे हार्डटेल हलकी पडते, पटकन वेग घेते, कॅरिअर बसतं, दोन बाटल्या मावतात. शिवाय फुल सस्पेन्शनचा जो पैसा मागच्या शॉकमध्ये आणि सांध्यांमध्ये जातो, तो हार्डटेलमध्ये चांगल्या फोर्कला (पुढच्या शॉकअपला), ब्रेकला आणि गिअरला मिळतो. एकाच किमतीच्या दोन सायकलींचे सुटे भाग शेजारी ठेवून बघा, फरक लगेच दिसेल.

देखभालीचा विचार खरेदीच्या वेळी जवळपास कोणीच करत नाही. फोर्क आणि शॉक बनवणाऱ्या रॉकशॉक्स कंपनीच्या बहुतेक मॉडेलांना फोर्कच्या खालच्या भागाची आणि शॉकच्या हवेच्या नळीची सर्व्हिस दर ५० तासांनी, तर डॅम्परची (उसळी आवरणाऱ्या तेलाच्या भागाची) दर २०० तासांनी सांगितलेली असते. दुसरी कंपनी फॉक्स, तिचं सर्वसाधारण वेळापत्रक १२५ तास किंवा वर्षातून एकदा. आठवड्याला सहा तास चालवणाऱ्याचे ५० तास दोन महिन्यांत भरतात. हार्डटेललाही फोर्क असतोच, पण मागचा शॉक आणि पिव्हटची बेअरिंग हा खर्च फक्त फुल सस्पेन्शनचा. पावसाळ्यात लाल चिखल या बेअरिंगमध्ये शिरतो. अनेक शॉकमध्ये नायट्रोजन भरावा लागतो आणि ते काम नाक्यावरच्या मेकॅनिकचं नाही. म्हणून सायकल ठेवायची ठरवण्याआधी एक फोन करा: या शॉकचं सीलकिट (आतल्या रबरी सीलांचा संच) भारतात मिळतं का, आणि सर्व्हिस कोणत्या शहरात होते? उत्तर मिळालं नाही, तर परत करण्याच्या बाजूनं ते मोठं कारण आहे.

साइजबद्दल तर वादच नको. सीट वरखाली करून पायाची लांबी जुळते, पण फ्रेमचा रीच, म्हणजे हँडल किती पुढं येतं ते माप, जुळत नाही. हँडल धरणारा स्टेम बदलून थोडाफार फरक पडतो, तेवढाच. साइज चुकली असेल तर ‘सवय होईल’ म्हणणाऱ्या मित्राचं ऐकू नका. खांदे आणि मनगटं ती सवय करून घेत नाहीत.

साइज बघायला सायकल मातीत न्यायची गरज नाही, नेऊच नका. टायरला माती लागली की बहुतेक दुकानं परत घेत नाहीत. हॉलमध्ये चादर अंथरा, भिंतीचा आधार घ्या, राइडचे बूट आणि पाठीवरची बॅग घालून बसा. त्याआधी शॉक पंपानं हवा भरा, कारण खोक्यातून आलेल्या सायकलीतली हवा तुमच्या वजनाची नसते, आणि चुकीच्या हवेवर चांगली सायकलही मेलेली वाटते. शॉकवरची रबरी रिंग सीलला टेकवा, हळूच बसा, हळूच उतरा आणि रिंग किती सरकली ते मोजा. ट्रेल (डोंगरवाटेच्या) सायकलला हे अंतर स्ट्रोकच्या, म्हणजे शॉक जास्तीत जास्त जितका दबतो त्याच्या, २५ ते ३० टक्के हवं, म्हणजे ५० मिमी स्ट्रोकला साधारण १३ ते १५ मिमी. हे जुळवल्यावरही हात ताणले जात असतील किंवा गुडघे हँडलला लागत असतील, तर सायकल मोठी किंवा लहान आहे.

परत करणं किती सोपं, हे तुम्ही कुठे राहता त्यावर आहे. भारतात २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष असेल, जाहिरातीप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आला असेल तर विक्रेत्याला तो परत घेणं नाकारता येत नाही. नुसतं मन बदललं, तर विक्रेत्याचं धोरण काय सांगतं तेच चालतं. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ब्रिटनमध्ये किंवा युरोपीय संघातल्या देशात राहणाऱ्या मराठी मंडळींना ऑनलाइन खरेदीवर कारण न देता १४ दिवसांत माघार घेता येते, फक्त परतीचं भाडं बहुधा स्वतःच्या खिशातून जातं आणि वापरानं किंमत घटली तर तेवढी कापली जाऊ शकते. अमेरिकेत मात्र ऑनलाइन खरेदीला असा सरसकट केंद्रीय हक्क नाही.

भाडं हलकं घेऊ नका. बऱ्याच कुरियर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि येईल तेवढे किलो धरून भाडं लावतात. १४० बाय २५ बाय ८० चं खोकं म्हणजे ५६ किलो, आत सायकल १५ किलोची असली तरी. त्यामुळे चूक दुकानाची असेल तर ‘पिकअप तुम्ही करा’ हे लेखी मागा, आणि खोकं, फोम, क्लिपा निर्णय होईपर्यंत टाकू नका.

आणि निर्णयाला मुदत घाला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांनी हार्वर्डमध्ये विद्यार्थ्यांना स्वतः काढलेल्या फोटोंपैकी एक ठेवायला दिला. काहींना तो नंतर बदलायची मुभा होती, काहींना नव्हती. ज्यांना मुभा नव्हती, त्यांना आपला फोटो अधिक आवडला. परतीची खिडकी दहा दिवसांची असली तरी माप, शॉक आणि सर्व्हिसची चौकशी दोन दिवसांत उरका. सायकल बसली आणि रस्ता दगडांचा असेल, तर त्याच दिवशी किमती बघणं बंद करा.

ठेवायचं ठरलं की पहिली ऑर्डर गिअर हँगरची, म्हणजे मागचा गिअर फ्रेमला धरून ठेवणाऱ्या छोट्या तुकड्याची, द्या. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असू शकतो, मॉडेल बदललं की तो शोधत फिरावं लागतं, आणि दगडावर एकदा सायकल आडवी झाली की पहिला तोच वाकतो.